झाकणावरची खुर्ची

कोणत्याही संस्थेचे अपराध तिच्या माहितीतून जन्माला येतात. जे ठाऊकच नाही त्याबद्दल ना देव जाब विचारतो, ना कायदा. (देवाच्या भूमिकेविषयी कार्यालयाकडे अधिकृत खुलासा उपलब्ध नाही, कायद्याच्या आहे.) कायदा असे म्हणतो की, रस्त्यावरच्या गटाराचे झाकण धोकादायक झाले आहे हे पालिकेला आधी माहीत असेल, आणि माहीत असूनही तिने ते दुरुस्त केले नसेल, तरच त्यावर पडलेल्या माणसाची जबाबदारी पालिकेवर येते. हे वाचून एखाद्या सामान्य बुद्धीच्या संस्थेने झाकणे दुरुस्त करायला घेतली असती. या पालिकेची बुद्धी सामान्य नव्हती. झाकणे अनेक होती आणि माहिती एकच होती, तेव्हा तिने माहितीचाच बंदोबस्त करायचे ठरवले.

तक्रार खिडकी बंद करणे असभ्य दिसले असते, म्हणून ती उघडीच ठेवण्यात आली. तिच्यामागे मात्र अशा कारकुनाची नेमणूक झाली ज्याच्या बदलीचा हुकूम आधीच निघालेला आहे, त्यामुळे तो कोणत्याही नव्या कामाला हात लावू शकत नाही. तो गेला की त्याच्या जागी बदली झालेला दुसरा येतो. गटार विभागाच्या निरीक्षकांना रस्त्याने चालताना मान ताठ ठेवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. पदाची प्रतिष्ठा हा त्यामागचा हेतू होता. त्यांच्या अहवालांत तेव्हापासून विजेच्या तारा, झाडांचे शेंडे, पतंग आणि ढग यांच्या फार बारकाईने केलेल्या नोंदी आढळतात. प्रशिक्षणाच्या काळात दोन निरीक्षक गटारात पडले. त्यांनी खाली काय पाहिले हे त्यांना विचारण्यात आले नाही, आणि प्रशिक्षित असल्यामुळे त्यांनीही ते सांगितले नाही. गेल्या वर्षी विभागाला धोकादायक झाकणांबद्दल मिळालेल्या माहितीचे प्रमाण शून्य टक्के होते, जे आधीच्या वर्षाच्या तुलनेत स्थिर आहे.

शहरभर ही स्थिरता नांदत असताना, एका लहानशा रस्त्यावर, शिंप्याचे दुकान आणि शेजारच्या इमारतीचा दरवाजा यांच्या मधोमध एक झाकण डुगडुगत होते. बिडाचे, गोल, कडेचा एक कान तुटलेला. एका बाजूला पाय पडला की दुसरी बाजू मान वर करून बघायची. रस्त्यावरच्या प्रत्येकाला ते माहीत होते. मुलांना ते अक्षरओळखीच्या आधी माहीत व्हायचे. नवा भाडेकरू आला की त्याला पाण्याची वेळ आणि झाकण या दोन गोष्टी पहिल्या दिवशी सांगत. कुत्री त्याला वळसा घालून जात. पोस्टमन जात असे. पाणीपट्टीची बिले वाटणारा पालिकेचा माणूसही जात असे, पण तो पाणी विभागाचा असल्यामुळे त्याचा वळसा गटार विभागाच्या माहितीत धरता येत नाही.

पुढे झाकणाला तडा गेला आणि कुणीतरी त्यावर एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. खुर्ची एका पायाने आखूड होती. ती बसायला ठेवलेली नाही हे समजायला कुणालाही पाटी लागली नाही. ऊन खाऊन तिचा लाल रंग गुलाबी झाला, आणि लोक पत्ता सांगताना ‘खुर्चीच्या पुढचं दार’ असे सांगू लागले. एवढे सगळे झाले, पण तक्रार कुणी केली नाही. खुर्ची होती ना.

खुर्चीच्या पुढच्या दारात, दुसऱ्या मजल्यावर, बस आगारातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बायकोसह राहत. त्यांनी नोकरीभर बसगाड्यांची वेळापत्रके आखली होती. वेळापत्रकात लिहिलेल्या वेळी बस आली नाही तर चूक बसची, असे ते शेवटपर्यंत मानत. त्यांची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वाचनालयात ग्रंथपाल होती. ती माहेरी आली की जिन्यातच म्हणायची, “बाबा, त्या झाकणाचं काहीतरी करा की.”

“अगं, त्यांना माहीत असणारच,” वडील म्हणत. “त्यांचं कामच आहे ते. आपण कशाला शिकवायला जायचं?”

“हो तर,” आई आतून म्हणायची. “ते तुमच्यासारखेच. माहीत सगळं असतं, हलत काही नाही.”

एका संध्याकाळी वडील ब्रेड आणायला खाली उतरले आणि परत येताना त्यांना दिसले की झाकणावर खुर्ची नाही. त्यांनी रस्त्यातूनच मुलीला फोन लावला. इतक्या आनंदाने त्यांनी बऱ्याच वर्षांत फोन केला नव्हता.

“खुर्ची गेली बघ,” ते म्हणाले. “शेवटी केलं त्यांनी. मी म्हणत नव्हतो? जरा वेळ लागतो, पण करतात. थांब, तुला आवाज ऐकवतो. आता वाजतच नाही बघ.”

आणि वर्षानुवर्षे ज्या झाकणाला त्यांनी वळसा घातला होता, त्याच्यावर त्यांनी पाय ठेवला. चोरटा नाही, चांगला पूर्ण भार देऊन, ऐटीत ठेवला. पुढचे मुलीने फोनवर ऐकले. (त्याचा तपशील दाव्याशी संबंधित नाही.)

खुर्ची शिंप्याने आत नेली होती. त्याचा मेहुणा आला होता आणि दुकानात बसायला काही नव्हते.

वडिलांचे खुब्याचे हाड मोडले. हाड बसवले, मग छातीत कफ धरला, आणि हाड सांधायच्या आधी माणूस गेला. सुतकाचे दिवस पुरे होतात न होतात तोच पालिकेचे पत्र आले. पालिकेने दुःख व्यक्त केले होते. (दुःखाचा मजकूर छापील होता, नाव तेवढे हाताने भरले होते.) त्याखाली, भविष्यात गैरसमज होऊ नये म्हणून, नोंद होती: सदर इसम स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडले.

मुलीने पत्र दोनदा वाचले. तिचा अर्धा जन्म शब्द जागच्या जागी लावण्यात गेला होता, आणि यातला एक शब्द चुकीच्या कपाटात होता. तिचे वडील रिकामा रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे बघत. गॅस बंद केला आहे ना हे पाहायला ते अर्ध्या जिन्यातून परत चढत, आणि मग कुलूप लावले आहे ना हे पाहायला पुन्हा. त्यांच्या या स्वभावावरून आईने त्यांना जन्मभर टोमणे मारले होते. अशा माणसाला सरकारी कागदाने कायमचे निष्काळजी ठरवून ठेवले होते, आणि हरकत घ्यायला तो माणूस नव्हता.

“दावा लावते,” ती आईला म्हणाली. “हा शब्द काढायला लावते.”

“भरपाई माग,” आई म्हणाली. “नुसता शब्द मागितलास तर त्यांना वाटेल पोरीचं डोकं फिरलंय.”

दाव्याच्या अर्जात नुकसानीचे प्रकार छापलेले होते: हात, पाय, डोळा, वाहन, पाळीव प्राणी, इतर. तिने ‘इतर’समोर लिहिले: एक शब्द. दावे विभागाने तो अर्ज तीन वेळा त्रुटी दाखवून परत केला आणि चौथ्या वेळी, कोणती त्रुटी दाखवायची ते न सुचल्यामुळे, सुनावणी ठेवली.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, एक थांबलेला पंखा आणि भिंतीला टेकवलेली ती खुर्ची होती. (पुरावा म्हणून ती जप्त झाली होती. झाकण जप्त करण्याचा विचार झाला होता, पण मग खालचे भोक उघडे पडेल आणि धोका निर्माण होईल, अशी कुणीतरी काळजी व्यक्त केली.) दावे अधिकारी सौजन्यशील गृहस्थ होते. त्यांनी मुलीला चहा मागवला, पंखा बंद असल्याबद्दल माफी मागितली, आणि आपल्याला व्यक्तिशः फार वाईट वाटते असे सांगून ते वाक्य कामकाजातून वगळायला सांगितले.

पालिकेचे वकील उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद इतका गुळगुळीत होता की त्यावर बोट ठेवायला जागा नव्हती.

“दोष दिसण्यासारखा होता, किंवा नव्हता,” ते म्हणाले. “दिसण्यासारखा असेल, तर तो मयतांना दिसायला हवा होता. म्हणजे निष्काळजीपणा त्यांचा. दिसण्यासारखा नसेल, तर तो पालिकेला तरी कसा दिसणार?”

“दिसण्यासारखा होता,” मुलगी म्हणाली. “म्हणून तर त्याच्यावर खुर्ची होती.”

वकिलांना खुर्चीची अपेक्षा होती. त्यांनी सांगितले की खुर्ची ही बसण्याची वस्तू असून ती धोक्याची सूचना आहे असे कोणत्याही नियमावलीत म्हटलेले नाही. रस्त्यावर खुर्ची असण्याची अनेक निरुपद्रवी कारणे संभवतात. कुणी थकलेले असेल. कुणी वाट पाहत असेल. कुणाला हवा खायची असेल. “सारांश,” ते म्हणाले, “ही चारचौघींसारखी एक साधी खुर्ची आहे.”

“मग बसा ना तिच्यावर,” मुलगी म्हणाली. “केव्हाचे उभे आहात.”

वकिलांनी खुर्चीकडे पाहिले. खुर्ची भिंतीला टेकून, आखूड पाय किंचित उचलून उभी होती. उरलेली सुनावणी त्यांनी उभ्यानेच चालवली. (पाठीच्या दुखण्यामुळे, अशी नोंद झाली.)

मग शिंप्याची साक्ष झाली. मुलीच्या शाळेच्या गणवेशापासून तिच्या लग्नातल्या ब्लाउजपर्यंत सगळे त्याने शिवले होते, आणि त्या संध्याकाळी वडिलांना वर ओढून काढणाऱ्यांत पहिला हात त्याचा होता.

“खुर्ची कुणाची?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“खुर्ची होती, साहेब. दुकानाबाहेर होती.”

“म्हणजे तुमची?”

“दुकान माझं. बाहेर कुणाचं, ते मी कसं सांगणार?”

“मग आत तुम्हीच नेलीत ना?”

“मेहुणा आला होता. तो राहिला असता उभा, पण मग घरी कळलं असतं. तुमचंही लग्न झालंय, साहेब.”

“झाकण हलतं हे तुम्हाला माहीत होतं?”

शिंप्याने मुलीकडे पाहिले आणि लगेच नजर टेबलावर नेली. “मला काय माहीत असणार,” तो म्हणाला. “मी दिवसभर मशीनवर. मान खाली.”

येथे कार्यालयाच्या एका मोठ्या सिद्धांताला पुष्टी मिळाली. पालिकेचा निरीक्षक मान वर असल्यामुळे झाकण पाहत नाही आणि शिंपी मान खाली असल्यामुळे पाहत नाही. झाकण पाहण्यासाठी मानेची जी मधली अवस्था लागते ती निसर्गाने बहुधा माणसाला दिलेलीच नाही.

बाहेर पडताना शिंपी तिच्याजवळ रेंगाळला. “राग मानू नका, ताई. हो म्हटलं असतं तर म्हणाले असते, माहीत होतं तर गप्प का बसलात?”

“मग का बसलात?”

“सगळेच बसले होते की,” तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच वाटले की हे उत्तर आहे.

आता मुलीजवळ एकच गोष्ट उरली होती, आणि ती तिला कुणाला द्यायची नव्हती. ती होती वडिलांचा शेवटचा फोन. आईलाही तिने तो सगळा सांगितला नव्हता. पण शब्द काढायचा तर दुसरा मार्ग नव्हता. ती परत आत गेली आणि तिने तो थांबलेल्या पंख्याखाली, वाक्यामागून वाक्य, आवाज न चढवता सांगितला. खुर्ची गेली बघ. शेवटी केलं त्यांनी. थांब, तुला आवाज ऐकवतो.

अधिकाऱ्यांचे पेन थांबले.

“म्हणजे त्यांना वाटलं की दुरुस्ती झाली?”

“हो.”

“कुणी केली असं वाटलं त्यांना?”

“तुम्ही.”

“आम्ही?” अधिकाऱ्यांनी वकिलांकडे पाहिले. वकिलांनी खिडकीबाहेर पाहिले. “माझ्या नोकरीत,” अधिकारी हळूच म्हणाले, “हे पहिलंच प्रकरण.” आणि तेही वाक्य वगळायला सांगायचे ते विसरले.

निकाल टपालाने आला. मुलीचा दावा मान्य झाला होता. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द वगळण्यात आला होता, आणि ज्याअर्थी माणूस कारणाशिवाय पडू शकत नाही, त्याअर्थी रिकाम्या जागी योग्य ते कारण भरण्यात आले होते. सुधारित नोंद अशी: सदर इसम कार्यालयावरील अवाजवी विश्वासामुळे पडले. खाली पालिकेची जबाबदारी का येत नाही याचाही खुलासा होता. सदर इसमांचा कार्यालयावर विश्वास आहे, ही बाब त्यांनी अथवा त्यांच्या वतीने अन्य कोणीही कार्यालयाला आधी कळवलेली नव्हती. कार्यालयाला तसा अंदाज येण्यासारखी कोणतीही परिस्थिती नव्हती. शेवटी, ओघात, एक सर्वसाधारण निर्देश होता: यापुढे झाकणाच्या धोक्याची ज्याला आधी माहिती होती आणि ज्याने ती कळवली नाही, अशी कोणतीही व्यक्ती पुढील दुर्घटनेस सह-जबाबदार धरली जाईल.

आईने चष्मा लावून कागद वाचला.

“आता बरोबर लिहिलंय,” ती म्हणाली. कागद घडी घालून तिने वडिलांच्या कपाटात, त्यांच्या शर्टांखाली ठेवला आणि भाताचा कुकर लावायला उठली.

निकालाचे दूरगामी परिणाम झाले. पालिकेच्या प्रत्येक फलकावर आता तळाशी बारीक अक्षरांत ‘नागरिकांनी स्वतःच्या जबाबदारीवर विश्वास ठेवावा’ अशी ओळ असते. दावे विभागाला झाकणाबद्दल सगळे कळले होते, पण दावे विभाग पहिल्या मजल्यावर आहे, गटार विभाग तळमजल्यावर आहे, आणि पालिकेच्या इमारतीत माहिती खाली उतरत नाही. खुर्ची अभिलेख कक्षात जमा झाली. तिच्या आखूड पायाखाली नियमावलीची एक जुनी प्रत ठेवल्यावर ती चांगली स्थिर झाली आणि सध्या एक कारकून तिच्यावर बसतो. त्यामुळे झाकणावर आता काहीच नाही.

दुसरी खुर्ची कुणी ठेवली नाही. ठेवणारा माहितगार ठरला असता. निर्देशाची बातमी रस्त्यावर पोचली त्या दिवसापासून त्या रस्त्यावर कुणालाच काही माहीत नव्हते. वळसा घालणेही आता बरे दिसेना. वळसा म्हणजे चालता-बोलता कबुलीजबाबच. पण लोक हुशार असतात. ते झाकणाजवळ आले की मान वर करून आभाळाकडे पाहू लागत, आणि पाहता पाहता, जणू ढगाच्याच ओढीने, डावीकडे सरकत. निरीक्षकांना जे शिकवायला पालिकेला वर्ग भरवावे लागले ते रस्त्याने आपले आपण आत्मसात केले.

मुलगी आईजवळ राहायला आली होती. ती तक्रार खिडकीवर गेली. बदली झालेल्या कारकुनाने तिला फार सहानुभूतीने समजावले की एकट्याची तक्रार हे मत असते. ती माहिती व्हायला धोका आधीपासून माहीत असलेल्या किमान दोन व्यक्तींच्या सह्या लागतात. त्या झाल्या की मग मात्र पालिकेला माहीत झाले असे धरावेच लागेल, आणि माहीत झाले की दुरुस्तीला इलाज उरत नाही. तिने पहिली सही तिथेच केली आणि दुसरीसाठी अर्ज घेऊन ती दारोदार फिरली.

पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “अगं, मी हल्ली बाहेर पडतेच कुठे? गुडघे बघतेस ना माझे.” त्या नुकत्याच भाजी घेऊन वर आल्या होत्या. समोरच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले की तत्त्वतः त्यांची सही आहेच असे तिने समजावे. शिंप्याने दुकानाचे शटर अर्धे ओढून घेतले आणि आतून सांगितले की तो जेवायला गेला आहे. वडिलांच्या जुन्या मित्रांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले, तिचे वडील हा देवमाणूस होता असे म्हणाले आणि चष्मा सापडत नसल्याचे सांगितले.

कुणीही तिला नाही म्हटले नाही, हे नमूद केले पाहिजे. नकारांचे प्रमाण शून्य टक्के होते.

अर्ज तिच्या पिशवीत आहे. दुसऱ्या सहीची जागा मोकळी आहे, आणि त्या जागी रस्त्यावरचाच रहिवासी हवा अशी अट नाही. तिने कारकुनाला ते मुद्दाम विचारून घेतले. धोका माहीत असलेली कोणतीही व्यक्ती चालते. आपण इथपर्यंत वाचत आला आहात, तेव्हा झाकण कुठे आहे, कोणत्या बाजूने उचलते, त्यावर काय नाही आणि काय झाले, हे आपल्याला आता पालिकेपेक्षा जास्त माहीत आहे. निर्देश पाहता, आपण यापुढे अजाणते राहिलेले नाहीत.

कार्यालयाला याची चिंता वाटत नाही. आपण थोडा वेळ हळहळाल आणि पान उलटाल असे त्याने गृहीत धरलेले आहे. नागरिकांचा कार्यालयावर विश्वास असो वा नसो, कार्यालयाचा नागरिकांवर आहे, आणि तो आजवर कधीही अवाजवी ठरलेला नाही.